मुदतवाढ

सोहारच्या टायपिंगच्या दुकानात
शाजी विचारतो, किती मागू?
एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय.
बादली भरली की तोच उठतो,
मी उठायला गेलो तर म्हणतो, बस रे, तू बस.

किती मागू.
मागच्या अर्जात आकडा नव्हताच,
'योग्य ती मुदत', एवढंच लिहिलं होतं.
त्यांना योग्य वाटले सहा महिने.
फेरतपासणी झाली. पुन्हा सहा.
ईदसुद्धा दरवर्षी दहा दिवस अलीकडे सरकते,
ही तपासणी जागची हलत नाही,
आणि मीही हलू शकत नाही,
कारण हात दाखवायला
हाताबरोबर माणूस इथेच लागतो.

चूक माझीच.
डॉक्टरांनी टेबलावर पन्नास बैशांचं नाणं ठेवलं
आणि म्हणाले, उचला.
आता तुझ्यापाशी खोटं कशाला सांगू,
त्या नाण्याची मी खोलीवर तालीम केली होती.
रात्री, बाकीचे घोरायला लागले की
पत्र्याच्या पेटीवर
नाणं ढकलत ढकलत कडेला आणायचं,
अर्धं बाहेर काढायचं,
मग अंगठा आणि हे मधलं बोट.
महिनाभर.
कशासाठी, ते विचारू नकोस.
बावीस वर्षं वेल्डिंग केलं मी,
माझ्या सांध्यावरून नख फिरवलं तर अडकायचं नाही.
असल्या माणसाला कुणी म्हणालं, उचल,
तर तो उचलणारच ना!

चौथ्या वेळेला उचललं.
तिन्ही डॉक्टर हसले. मीही हसलो.
एकाने तर अरबीत शाबासकी दिली.
कागदावर आलं: सुधारणा आहे.

तर शाजी, आता असं लिही
की नाणं उचललं ते खरं,
पण नंतर दोन रात्री हात उशाशी घेऊन बसलो होतो
आजारी पोर घेऊन बसावं तसा.
की सदऱ्याची बटणं मुनीर लावतो
आणि लावताना खिडकीबाहेर बघतो.
की मी हर्णैचा,
आणि सुरमईतला काटा मला काढता येत नाही,
ताटातला मासा बाजूला सारून
डाळ ओरपतो.
हे सगळं अर्जात बसतं का?
नसेल बसत तर बारीक अक्षरात घे.

माय फोनवर विचारते, हात कसा?
बरा आहे म्हणतो.
कमिटी विचारते, हात कसा?
बरा नाही म्हणायचं.
एकाच तोंडाने, एकाच आठवड्यात.
आणि नाणं उचललं त्या दिवशी तर
मायला सांगितलेलंच तिथे करून दाखवलं.

किती मागू, सांग लवकर,
मागे दोघे उभे आहेत.

मी मनात मोजतो.
तहसीन सातवीत.
दहावीपर्यंत तिला फी लागेल,
आणि एखादा बाप लागेल घरात,
वह्यांना कव्हरं घालता आली नाहीत तरी.
पाच म्हणावं तर विम्याचा वकील हसेल.
एक म्हणावं तर मीच.

तीन, म्हणतो.
आवाज कुठून आला कोण जाणे,
शाजी मान वर करून बघतो
आणि आकडा न टाकता
अक्षरांत टाईप करतो.
आकडा खोडता येतो म्हणे.

काउंटरवरचा पोरगा
टोपी सारखी करत फाईल उघडतो.
जुन्या कागदावर माझी जुनी सही,
बुरोंडकरमधल्या रला लांब शेपूट,
नव्या कागदावर डाव्या हाताने
काहीतरी मुंग्या पांगलेल्या.
सही जुळत नाही, तो म्हणतो.

मी बोललो नाही काही.
पंख्याने अर्ज फडफडत होता,
त्यावर उजवा हात उचलून ठेवला
वजन ठेवतात तसा.
कागद थांबला.
तो बघत राहिला, कागदाकडे की हाताकडे
मला कळलं नाही.
मग म्हणाला, रविवारी या.